मेमो काढण्याआधी जागा तपासा: कारखान्यात आणि हॉटेलात काम का घसरतं, ते कसं शोधायचं

दुपारचे अडीच. सकाळी दहाला तासाला १२० पीस देणारी पॅकिंगची लाइन ९५ वर आली आहे, रिजेक्शनची क्रेट भरत चालली आहे आणि सुपरवायझरचा आवाज चढला आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी ठरलेलं घडतं: दोघांना समज, तिसऱ्याला मेमो. आकडा दोन दिवस वर येतो आणि पुन्हा होता तिथं जातो. तो जाणारच. डोक्यावरचा तापलेला पत्रा तसाच आहे, संडास तेवढाच लांब आहे, आणि सव्वादोनला यायचा माल आजही पावणेतीनलाच येणार आहे.

खालची पद्धत गोव्यातल्या मध्यम आकाराच्या युनिटांसाठी आहे. तीस ते दीडशे माणसं, कुंडई, वेर्णा, डिचोली, थिवी, तुये अशा वसाहतीतली शेड, नाहीतर किनाऱ्यालगतचं हॉटेल. यातली निम्मी कामं जवळजवळ फुकट होतात. बाकीच्यांना पैसे लागतात, पण कुठं लागतात ते आधी कळलं तर वाया जात नाहीत.

पहिले दोन आठवडे फक्त मोजा

प्रत्येक लाइनला रोज एक ए-फोर कागद लावा. पाच रकाने आखा: तास, चांगले पीस, रिजेक्ट, थांबलेली मिनिटं आणि त्यांचं कारण, तापमान. कागद लाइनवरच्याच माणसाने भरायचा, तासाला एक मिनिट. थांबण्याची कारणं चार शब्दांत बसवा: माल, मशीन, हत्यार, हुकूम. माल संपला, मशीन बंद पडलं, हत्यार बोथट झालं किंवा सापडेना, पुढं काय करायचं ते सांगायला कोणी नव्हतं. भरलेली ओळ अशी दिसते: «२ ते ३, ९४, रिजेक्ट ७, थांबलो १८ मिनिटं – माल, ३४/२९».

कागदावर कोणाचं नाव लिहू नका. नाव आलं की दुसऱ्या दिवसापासून आकडे खोटे पडायला लागतात, आणि त्यात माणसांचा दोष नाही. आजवर असा प्रत्येक कागद त्यांच्याविरुद्धच वापरला गेलेला असतो. पहिल्या दिवशी लाइनसमोर उभं राहून स्पष्ट सांगा की हा कागद जागा तपासायला आहे, माणूस तपासायला नाही. आणि तो शब्द पाळा.

दोन आठवड्यांनी सगळे कागद एकत्र पसरा. एकच माल चालू असलेले तास एकमेकांशी ताडून बघा. रोज ठराविक तासालाच घसरण असेल तर दोष जागेत किंवा वेळापत्रकात आहे. एकाच मशीनवर कोणीही बसलं तरी आकडा कमी येत असेल तर मशीन उघडा. एखादा माणूस सगळ्या मशीनवर, सगळ्या तासांना मागं पडत असेल तरच त्याच्याशी बोला. तेव्हाही पहिला प्रश्न हाच की त्याला हे काम शिकवलं कोणी आणि किती दिवस. कित्येकदा चौथा रकानाच सगळ्यात जड निघतो. माणसं संथ नसतात, थांबलेली असतात. शिफ्टमध्ये माल नाही म्हणून तास-दीड तास जात असेल तर तो दोष स्टोअरचा आहे. तिथला एक माणूस अर्धा तास आधी बोलावून तो सुटतो.

मोजताना एक सावधगिरी. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून उजेड आणि उत्पादन यांचे प्रयोग झाले. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, असं सांगितलं गेलं. त्या आकडेवारीवर पुढच्या अभ्यासकांनी बऱ्याच शंका घेतल्या. तरी शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्याला त्यातली गोष्ट ओळखीची आहे: कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय एवढ्यानंही काही दिवस काम सुधारतं. म्हणून नवा पंखा लावल्यावर पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर भुलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सहा ते आठ आठवडे मोजत राहा. टिकलेली वाढ तेवढी खरी.

उकाडा

गोव्यात पारा फारसा चढत नाही, त्यामुळे कागदावर उष्णतेचा प्रश्न दिसतच नाही. तेहतीस अंश म्हणजे काय मोठं, असं ऑफिसातल्या एसीत बसून वाटतं. त्रास असतो दमटपणाचा. शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे. हवाच भिजलेली असली की घाम निथळतो, सुकत नाही आणि आतली उष्णता आतच राहते. मार्च ते मेअखेर आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात हे सगळ्यात वाईट असतं.

म्हणून दोन थर्मामीटर लागतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या बल्बला मलमलीची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि वाऱ्यात ठेवा. दोन्ही माणसाच्या छातीच्या उंचीवर, तो उभा असतो त्याच जागी. पाच मिनिटांनी वाचा. कोरडा ३३ आणि ओला २८ म्हणजे आर्द्रता सुमारे ६८ टक्के. कागदाच्या नमुन्यातलं ३४/२९ म्हणजे असंच कोरडा/ओला.

पत्र्याची झळ मोजायला तिसरा थर्मामीटर मंद काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात बसवतात. मग उकाड्याचा एकच आकडा काढायचा: ओल्याचा आकडा गुणिले ०.७, अधिक गोळ्यातला आकडा गुणिले ०.३. ओला २८ आणि गोळा ३६ असेल तर बेरीज ३०.४ येते. आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकात, उकाड्याला सरावलेल्या माणसासाठी हलक्या कामाला ३० आणि मध्यम श्रमाच्या कामाला २८ ही हद्द दिली आहे. म्हणजे खोके उचलणारा माणूस केव्हाच हद्दीबाहेर गेलेला असतो. हा हिशेब अंदाजापुरता पुरतो. नेमका आकडा हवा असेल तर हातात धरायचा तयार मीटर मिळतो. मध्यम कामाला ह्या बेरजेनं २८ ओलांडलं की दर तासाला १५ मिनिटं आणि साडेएकोणतीसला अर्धा तास थंड जागी विश्रांती, असं धरून चाला. तेवढी सुट्टी परवडत नाही असं वाटत असेल तर जागा थंड करा.

ती करायची कशी? पहिला हात पत्र्याला. उजेड परत फेकणारा पांढरा रंग छपरावर लावला की खालची झळ चांगलीच कमी होते. पण इथल्या पावसात पत्र्यावर शेवाळ धरतं, पांढरं छप्पर काळपट होतं आणि रंगाचा गुण जातो. त्यामुळे पाऊस संपला की छप्पर घासून धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग रंगाचा हात द्यायचा. मे महिन्यात घाईनं, धुळीवर लावलेला रंग पहिल्या पावसात पापुद्रे सोडतो.

दुसरं, हवा. छपरावरचे गरगर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बहुतेक शेडवर दिसतात आणि बहुतेक ठिकाणी अर्धंच काम करतात, कारण खालून हवा आत यायला वाट नसते. जेवढं वरचं तोंड, निदान तेवढंच खालचं हवं. भिंतीच्या खालच्या भागात, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या बाजूला जाळीच्या खिडक्या काढा. हॉटेलच्या किचनमध्येही हेच. एक्झॉस्टची ताकद वाढवत नेली तरी धूर जात नसेल तर किचनचा दरवाजा उघडून बघा. तो आत ओढल्यासारखा जड लागत असेल तर बाहेरची ताजी हवा आत सोडणारा पंखा कमी पडतोय.

तिसरं, पंखा. हवा ३५ अंशांच्या आत असेपर्यंत पंखा उपयोगी आहे. त्यापुढं तो गरम हवाच अंगावर मारतो. भट्टीच्या किंवा बॉयलरच्या दिशेनं तोंड करून ठेवलेला पेडेस्टल फॅन कामाचा. भट्टीमागून माणसाकडे वारा फेकणारा नुकसानीचा. आणि डेझर्ट कूलर घेऊ नका. विदर्भात तो जादू करतो, कारण तिथली हवा कोरडी. इथं ओला थर्मामीटर २८ दाखवत असताना कूलर हवा २८ च्या खाली नेऊ शकत नाही, वर बाष्प वाढवतो. दोन तासांनी लाइनवरची माणसं आधीपेक्षा जास्त चिकट होतात आणि खोक्यांचा पुठ्ठा मऊ पडतो. त्याच पैशांत ठराविक जागेवर थंड हवा सोडणारा स्पॉट एसी किंवा विश्रांतीची एक छोटी एसी खोली होते.

चौथी गोष्ट फुकटची. जड काम सकाळी हलवा. ट्रक भरणं, ड्रम सरकवणं, टाक्या धुणं साडेअकराच्या आत संपवा. दुपारी बसून करायची कामं ठेवा: लेबल, मोजणी, तपासणी. आपल्याकडे दुपारी अनेक दुकानं शटर ओढतात त्यामागं हेच जुनं शहाणपण आहे.

नव्या माणसाला थेट उकाड्यात उभं करू नका. पहिल्या दिवशी गरम जागी एकूण वेळेच्या २० टक्के, मग रोज २० टक्के वाढ. महिनाभर गावी जाऊन आलेल्या जुन्या माणसाचाही सराव मोडलेला असतो. त्याला ५०, ६०, ८०, १०० अशा पायऱ्या द्या. ओडिशा, झारखंड किंवा उत्तर कर्नाटकातल्या गावाहून परतलेला कामगार पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडतो त्याचं कारण बहुतेकदा हे असतं. कोणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं आणि पाय लटपटू लागले तर वाट बघू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ ला फोन करा.

पाणी, संडास आणि रिलीव्हर

उकाड्यात दर वीस मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर, असं प्यायला हवं. तहान लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. दहाच्या सुट्टीला पेज आणि लोणचं, दुपारी ताक किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत, यातून पाण्याबरोबर मीठही जातं. चहावर चहा देण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. ओआरएस ठेवत असाल तर पाकिटावर २०० मिली लिहिलंय की १ लिटर ते वाचून तेवढ्याच पाण्यात घाला.

आता लाइनवरच्या बायकांच्या बाटल्या बघा. सकाळी घरून भरून आणलेली लिटरभराची बाटली संध्याकाळी पाऊण भरलेली परत जाते. तहान नसते म्हणून नव्हे. संडास शेडच्या दुसऱ्या टोकाला, कडी मोडकी, आत पाणी नाही, आणि जाण्यासाठी सुपरवायझरला विचारावं लागतं. मग पाणीच प्यायचं नाही. दुपारी डोकं दुखतं, हात मंदावतात, लघवीचा संसर्ग होतो, महिन्यातून दोन रजा पडतात. ह्या सगळ्याचा हिशेब हजेरीच्या वहीत «वारंवार गैरहजर» असा लागतो. पॅकिंग लाइनचा दुपारचा आकडा वर आणायचा असेल तर कित्येक ठिकाणी पहिला खर्च कडी, नळ, दिवा, झाकणाची बादली आणि दिवसातून तीन वेळा सफाई यांवर व्हायला हवा. कपडे बदलायची स्वतंत्र खोलीही त्यातच धरा.

विचारून जाण्याची पद्धत बंद करायची तर रिलीव्हर लागतो, म्हणजे कोणी उठलं की तेवढा वेळ त्याची जागा सांभाळणारा जास्तीचा माणूस. हिशेब सोपा आहे: प्रत्येकाला दोन तासांतून दहा मिनिटं द्यायची तर १२० मिनिटांत एक रिलीव्हर बारा जणांना पुरतो, चालणं-फिरणं धरून दहा. दहा माणसांमागं एक जास्तीचा माणूस म्हणजे खर्च वाढला असं वाटतं. दोन आठवडे करून बघा आणि रिजेक्शनचा रकाना बघा. रिलीव्हर लाइनवरचं प्रत्येक काम येणारा, जुना, हात बसलेला माणूस हवा. नवख्याला रिलीव्हर केलं की सगळी लाइन त्याच्यासाठी थांबते.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी, पिण्याचं पाणी संडासापासून सहा मीटर दूर आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तर कॅन्टीन, अशा किमान गोष्टी घालून दिल्या होत्या. आता श्रमसंहितांमुळे, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या नव्या कायद्यांमुळे, चौकट बदलते आहे, तेव्हा तुमच्या युनिटला नेमकं काय लागू आहे ते पणजीत आल्तिनोवरच्या कारखाने आणि बाष्पक निरीक्षणालयातून लेखी घ्या. पण साठ माणसांच्या युनिटला कॅन्टीन बंधनकारक नाही म्हणून माणसांनी मशीनशेजारी खोक्यावर बसून जेवावं, हे पटण्यासारखं नाही. चार बाकं, दोन टेबलं, हात धुवायला नळ आणि एक पंखा एवढंच लागतं.

टेबल, उजेड, आवाज

उभ्यानं करायच्या हलक्या कामाला टेबल कोपराच्या उंचीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावं, बारीक कामाला कोपराच्या थोडं वर. दीड मीटर उंचीच्या बाईचा कोपर साधारण ९४ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे तिला ८० ते ८५ चं टेबल हवं. १७० सेंटिमीटरच्या माणसाला ९२ ते ९७. वर्कशॉपमध्ये ७५ चं एकच टेबल सगळ्यांना दिलेलं असतं आणि दोघंही कंबर धरून घरी जातात. टेबल उंच माणसाच्या मापाचं करा आणि बाकीच्यांना पायाखाली लाकडी पाट द्या. पाट लांब-रुंद हवा, नाहीतर मागं पाऊल टाकताना माणूस पडतो.

ऑफिसच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड पुरतो, बारीक तपासणीला ७५० च्या वर लागतो. फोनवरच्या लक्समीटरनं अंदाज येतो. ट्यूब जिथं माणसाच्या पाठीमागं आहे तिथं त्याचीच सावली जॉबवर, म्हणजे हातातल्या वस्तूवर, पडते. ती पुढं आणणं हे तासाभराचं काम. आवाजासाठी: एक मीटरवरच्या माणसाला ओरडून सांगावं लागत असेल तर ८५ डेसिबलच्या आसपास आहात. तिथं कानाला प्लग द्याच आणि तोंडी सूचना बंद करून हाताच्या खुणा ठरवा.

घर ते गेट

गोव्यातल्या युनिटांत कामाची जागा गेटपाशी सुरू होत नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथून रोज येणारे शेकडो आहेत. सकाळी साडेपाचला उठून, बस नाहीतर दुचाकी पकडून ते आठच्या शिफ्टला उभे राहतात. बस आठ वाजून पाच मिनिटांनी थांब्यावर येत असेल आणि पंधरा मिनिटं उशिराला अर्धा दिवस कापायचा नियम असेल, तर माणूस हिशेब करतो आणि घरीच राहतो. अर्ध्या दिवसाच्या दंडानं तुमचा पूर्ण दिवस जातो. बस पोचल्यावर पंधरा मिनिटांनी शिफ्ट सुरू होईल असं वेळापत्रक लावा, किंवा उशिराची मिनिटं महिनाअखेर बेरीज करून भरून घ्या.

पावसाळ्यात गेटजवळ रेनकोटची दांडी, खाली पाणी जायला मोरी, कोरड्या चपला आणि युनिफॉर्मचा दुसरा जोड ठेवा. ओला माणूस थेट एसी असेंब्लीत बसला की कुडकुडत राहतो. टांगायला जागा नसली की ओले रेनकोट इलेक्ट्रिक पॅनेलच्या हँडलवर लटकतात, हेही लक्षात ठेवा.

हॉटेलांत प्रश्न खोलीचा. सहा जणांच्या क्वार्टरमध्ये सकाळच्या शिफ्टचे दोन, ब्रेक शिफ्टचे (मध्ये काही तास मोकळे असलेल्या पाळीचे) दोन आणि रात्रपाळीचे दोन घातले की कोणीच झोपत नाही. चोवीस तास दिवा, दार आणि फोन चालू. खोल्या शिफ्टप्रमाणे वाटा. याला एक पैसा लागत नाही, फक्त हाउसकीपिंगच्या माणसानं एका दुपारी बसून यादी नव्यानं लावायची. पाळ्या बदलताना सकाळ, दुपार, रात्र ह्याच क्रमानं पुढं न्या, उलट नाही, आणि दोन पाळ्यांत ११ तास मोकळे ठेवा. रात्री ३ ते ५ ही सगळ्यात धोक्याची वेळ असते. तेव्हा मोजमापाचं काम दोघांनी तपासा, जड काम त्याआधी उरका आणि जमेल तिथं वीस मिनिटांची डुलकी अधिकृत करा. रात्रपाळीहून दुचाकीवर चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला ती सगळ्यात जास्त लागते.

सुपरवायझर

जागा सुधारली तरी सुपरवायझर जुनाच राहिला तर सुधारणा सहा महिन्यांत जिरते. पंखा बिघडलाय हे त्याला सांगायला कोणी धजत नाही, आणि पंखा तसाच राहतो. आधार म्हणजे गोड बोलणं नव्हे. अडचण सांगितली तर तिचं पुढं काहीतरी होतं, हा अनुभव म्हणजे आधार.

शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं उभ्यानं बोलणं ठेवा. काल काय अडलं, आज काय बदललं, आज कोण नाही. एवढंच. «काही अडचण आहे का?» असं विचारू नका, त्याला उत्तर «नाही» हेच येतं. «काल कुठल्या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला?» असं विचारा, म्हणजे बोट ठेवता येतं.

एक अडचण-वही लाइनजवळ दोरीनं बांधून ठेवा. तारीख, काय अडलं, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. चोवीस तासांत प्रत्येक ओळीपुढं उत्तर पडलंच पाहिजे. उत्तर «होणार नाही, कारण हे» असं असलं तरी चालेल, रकाना कोरा राहिलेला चालणार नाही. वही सुरू केल्यावर पहिल्या तीन दिवसांत तीन छोट्या गोष्टी डोळ्यांदेखत पूर्ण करा: कडी, बल्ब, कातरीची धार. मोठ्या गोष्टी लोक त्यानंतरच लिहितात. दुसऱ्या आठवड्यात तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. त्या आधीही होत्याच, आता दिसायला लागल्या. चौथ्या आठवड्यात वही कोरी पडली तर मात्र काळजी करा.

यासाठी सुपरवायझरच्या हातात काहीतरी द्या. दोनशे रुपयांच्या ब्लेडसाठी तीन सह्या लागत असतील तर त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. महिन्याला दोनएक हजार रुपये त्याला कोणाला न विचारता खर्च करता यावेत, बिल नंतर जोडू दे. आणि त्याच्याकडे पंधराच्या वर माणसं असतील तर तो सांभाळत नाही, फक्त पळत असतो. अशा वेळी जुन्या हाताला लाइन लीडर करून भत्ता द्या.

चूक सांगायची ती मशीनजवळ, एकट्याला, तासाभराच्या आत, जॉब हातात घेऊन. «तू नेहमीच असं करतोस» यातून हात सुधारत नाही. «ही कड इथं उचकटली, क्लॅम्प अर्धा आटा सैल आहे, आवळून बघ» यातून सुधारतो.

नव्या माणसाला जोडीदार द्या आणि पहिल्या, सातव्या, तिसाव्या दिवशी त्याच्याशी दहा मिनिटं बोला. ही योजना फसते ती जोडीदारामुळे: शिकवण्यात त्याचे पीस कमी पडतात, त्याचा इन्सेन्टिव्ह जातो, मग तो शिकवणं सोडतो. पहिल्या आठवड्यात त्याचं टार्गेट निदान वीस टक्के खाली घ्या. भाषेचाही विचार करा. लाइनवर कोकणी, मराठी, कानडी, हिंदी, ओडिया सगळं असतं आणि «समजलं?» ला सगळे मान हलवतात. करून दाखवायला सांगा. सूचनाफलकावर चित्र मोठं, शब्द कमी.

कंत्राटदाराची माणसं वेगळी मानू नका. त्यांना जुने बूट, वेगळा पेला, बाहेरचा संडास दिला की त्याच लाइनवर दोन वेग पडतात आणि मंद वेगानं सगळी लाइन चालते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हवी. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन बायकांच्या खोलीत लावा, मॅनेजरच्या केबिनबाहेर नव्हे.

रजा

गणेश चवथीला गोवा आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडची माणसं घरी जाणार, यात शंका नाही. तरीही त्याच आठवड्यात मोठं डिस्पॅच ठरवलं जातं आणि मग रजा नाकारल्याची कटुता वर्षभर पुरते. जुलैत भिंतीवर रजेचा तक्ता लावा, लोकांना आपापसात दिवस वाटून घेऊ द्या. गावच्या जत्रा, शिगमो, नाताळ, छट हेही त्यात घाला. हॉटेलात ऑक्टोबर ते मार्च सीझन, त्यामुळे डिसेंबरात रजा अवघड. तिच्या बदल्यात पावसाळ्यात सलग पंधरा दिवस कोणाला कधी, ते सप्टेंबरातच लिहून द्या.

आजारी माणूस पगार कापला जाईल म्हणून तापात कामावर येतो आणि आणखी चौघांना पाडतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेत येतात, आणि सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवस भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. वर्गणी सगळ्यांची कापली जाते, पण आपला दवाखाना कुठला हे विचारलं तर अनेकांना सांगता येत नाही. कार्ड, दवाखान्याचा पत्ता आणि घरच्यांची नावं नोंदली आहेत का, हे एका दुपारी प्रत्येकाबरोबर बसून तपासा.

दोन महिन्यांनी तोच ए-फोर कागद पुन्हा दोन आठवडे भरा आणि दुपारी २ ते ३ चा रकाना पहिल्या कागदाशेजारी ठेवा. हे तुम्ही पावसात सुरू केलं असेल तर तो आकडा फसवा आहे, कारण पावसात पत्रा तापत नाही. छप्पर धुऊन, वाळवून ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणखी एकदा मोजा, दोन्ही थर्मामीटर त्याच खिळ्याला, त्याच उंचीवर लावून.